आण्णांची हजेरीवही: तुमच्या घरच्या ज्येष्ठांचे अनुभव सांगा

काल माळा आवरताना आण्णांचे पांढरे कॅनव्हासचे बूट सापडले आणि एका बुटात गुंडाळून ठेवलेली दोनशे पानी वही. कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी चालायला जाणाऱ्या त्यांच्या गटाची हजेरी. तिथंच फरशीवर बसून तासभर वाचत बसले, भाजी करपली.

आई गेल्यावर आण्णा आठ महिने उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. खालच्या मजल्यावरचे मामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, ते रोज साडेपाचला जिन्यातून हाक मारायचे, "आण्णा, चला, गाडी सुटायली". आण्णा दार उघडायचे नाहीत. मामा दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी आण्णा बूट घालून उतरले आणि मग सात वर्षं पावसाळा सोडला तर खाडा नाही.

गट वीस-बावीस जणांचा. पद्माराजे उद्यानाच्या बाजूनं चालायचं, मग कट्ट्यावर हातपाय हलवायचे, टाचेला अंगठा लावून एका रेषेत दहा पावलं टाकायची (तोल राहावा म्हणून), आणि खुर्चीचे व्यायाम कट्ट्यावरच, हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. मंगळवारी एक निवृत्त सिस्टर स्वतःचं मशीन आणून सगळ्यांचा बीपी बघायच्या, तो पण वहीत. नियम एकच होता, न सांगता कोण आलं नाही तर गट सुटल्यावर दोघांनी घरी जाऊन यायचं.

एका पानावर मामांच्या अक्षरात आहे, "आण्णा गैरहजर. ७ वाजता घरी गेलो. डावा हात उचलत नाहीत, बोलणं जड. सूनबाईंना वाटलं हात अंगाखाली आला. रिक्षा केली." ती सूनबाई म्हणजे मीच. मी खरंच तसं समजले होते, चहा ठेवून डब्याच्या मागं लागले होते. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला दवाखान्यात कळलं. आण्णा वेळेत पोचले. पुढं चार वर्षं मिळाली, नातवाची मुंज बघितली.

शिबिरं होतात, गोळ्या मिळतात, त्याचं मोल आहेच. पण "काल का आला नाहीस" असं विचारणारं माणूस आण्णांना मिळालं म्हणून ते जगले असं मला वाटतं. तुमच्याकडं असं काही चालतं का, लिहा.

दुधाळीचा पोरगा
ताई डोळ्यात पाणी आलं. आमच्या तालमीत पण संध्याकाळी म्हातारी माणसं येतात, वस्ताद त्यांच्याकडनं हलक्या बैठका करून घेतात, भिंतीला धरून. आबा ७८ चे आहेत, म्हणतात लाल मातीचा वास आला की गुडघं दुखत न्हाईत. मी रात्री सोडायला जातो म्हणून मलाच आता जोर मारायची सवय लागली 😀

बावड्याची आत्ती
मी रोज जातो भजनी मंडळात, तेच माझं औषध. ६९ पूर्ण. टाळ वाजवून खांदा मोकळा होतो असं फिजिओवाल्या पोरीनं सांगितलंय. साखर निघाली तवा लई घाबरलो होतो, पण मंडळात अकरा जणींना साखर हाय म्हटल्यावर भ्या गेलं. आता प्रसादाचा शिरा बंद केलाय, खारवलेल्या शेंगा आणि ताक.

जोंधळ्याची भाकरी
आत्ती, शेंगा खारवलेल्या नको ना, मीठ कमी करायचं असतं बीपीला. भाजलेल्या चालतात.

बावड्याची आत्ती
व्हय गं बाई, लक्षात न्हाई राहिलं. खर्डा पण सुटत न्हाई. उद्यापासनं नुसत्या भाजतो.

शुक्रवार पेठ
२०१९ चा पूर. पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आईबाबांना बोटीतून काढलं, अंगावरच्या कपड्यानिशी. गोळ्यांचा डबा घरात तरंगत. शिरोलीला हायवे बंद, दुकानात औषधं मिळेनात आणि बाबांना कुठली गोळी चालू आहे ते कुणालाच नाव येईना, "पांढरी, अर्धी" एवढंच. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका काकांनी सगळ्या सभासदांच्या गोळ्यांची नावं, पॉवर, डॉक्टरांचा नंबर आधीच लिहून ठेवलेलं होतं आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात घेऊन ते बाहेर पडले होते. नऊ जणांची औषधं त्या कागदावरून मिळाली. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा गल्लीत प्रत्येकाकडं तसा कागद होता. कृपया आजच लिहून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो पण काढा.

उपकेंद्रवाली
मी करवीर तालुक्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय म्हणून तुटक. आमच्याकडं तिशीच्या वरच्या सगळ्यांचा बीपी-शुगर बघतात, पण साठीच्या पुढची माणसं तपासायला एकटी येत नाहीत, आशाताई बोलवायला गेल्या तर येतात. पडण्याच्या केसेस खूप. रात्री लघवीला उठताना एकदम उभं राहू नका, बीपी खाली जातो, मिनिटभर कॉटच्या कडेला बसा मग उठा. बाथरूममध्ये धरायला दांडी लावा. सत्तरीच्या पुढं सगळ्यांना आयुष्मानचं कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, घराला वर्षाला ५ लाखापर्यंत दवाखान्याचा खर्च, आधार घेऊन जा. एकटं वाटत असेल किंवा घरी त्रास होत असेल तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला फोन करा, सकाळी ८ ते रात्री ८, पैसे पडत नाहीत. पेशंट आले, जाते.

नागाळा पार्क ४७
बाबांना एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं. फोटो काढले, टाळ्या झाल्या. महिन्यात शिट्टी मारायला लागलं, कुठं दाखवायचं ते कुणी सांगेना, मशीन कपाटात. दोन वर्षं बाबा जेवताना गप्प बसायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत. त्यांना ऐकूच येत नव्हतं हो. शेवटी बहिणीनं नेलं, कानाच्या मापाचा नवा साचा करून बसवला, शंभरेक रुपयाच्या बॅटऱ्या. आता बातम्या लागल्या की वाद घालतात, घर भरल्यासारखं वाटतं. शिबिर घेणाऱ्यांनी सहा महिन्यांनी एक फोन तरी करावा, एवढंच मागणं आहे.

गंगावेस कट्टा
साडेपाचला रंकाळ्यावर जाणारे काका येताना कट्ट्यावर धारोष्ण दूध पितात का अजून? आमचे आजोबा प्यायचे, मिशी पांढरी करून घरी.

जोंधळ्याची भाकरी
दूध उकळून प्या म्हणावं 🙏

दुधाळीचा पोरगा
कट्ट्यावरची म्हस समोर उभी असती ताई, तिला वाईट वाटेल 😄 पण खरंय, वय झाल्यावर उकळूनच.

हसरी राजारामपुरी
हास्यक्लबबद्दल कुणी लिहिलं नाही! मुंबईत १९९५ ला डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन सुरू केला, आमच्या बागेत तीस जण असतात. सासूबाईंना आधी लाज वाटायची, तोंडावर पदर धरून हसायच्या. विसरायला लागल्यात आता, माझं नाव सुद्धा कधी कधी येत नाही, पण सहा वाजले की चप्पल घालून दारात उभ्या. मैत्रिणी हाताला धरून नेतात आणि आणून सोडतात. त्या एका तासात मी अंघोळ करते, डबा करते, कधी नुसती बसते.

मंगळवार पेठ
ताई, तुम्ही नुसतं बसताय ते पण गरजेचं आहे. काही लागलं तर हक्कानं सांगा.

पुण्यातली लेक
सगळं वाचलं. आई शिवाजी पेठेत एकटी आहे, ७४. फोनवर "बरी आहे" म्हणते पण शेजारच्या वैनी म्हणाल्या महिनाभर खाली उतरली नाही. मला दिवाळीशिवाय रजा नाही. त्या वहीसारखा कुणाचा गट आहे का तिकडं?

मंगळवार पेठ
पत्ता इथं टाकू नका, मला वेगळा मेसेज करा. आम्ही सातजणी रोज टाऊन हॉलच्या बागेत असतो. उद्या सकाळी जाऊन येते.

मंगळवार पेठ
जाऊन आले. आधी दार उघडेनात, मग मी जिन्यात बसूनच गप्पा सुरू केल्या. गुडघा सुजलाय, जिन्याची भीती वाटते म्हणून उतरत नाहीत, तुम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. आमच्यातल्या एकीचा मुलगा हाडांचा डॉक्टर आहे, गुरुवारी घरी येऊन बघतो म्हणालाय. मला लसणाची चटणी बांधून दिली. सोमवारी परत जाते, त्यांचा डबा द्यायचाय.