पुण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने सात दिवस: मुक्काम कुठे आणि किती केलेत?

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी, तृतीयेला, आम्ही चौघं निघतोय. मी, नवरा, सातवीतली लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. ताम्हिणीतून दिवेआगर आणि मग समुद्र उजव्या हाताला ठेवत मालवणपर्यंत. नवऱ्याने वहीत सात रात्रींचे सात मुक्काम लिहिलेत. मला ते पटत नाहीये. सासूबाईंनी रोज सकाळी बॅग भरून पायऱ्या उतरायच्या का? गाडी घेऊन असं फिरून आलेल्यांनी आपापले अनुभव सांगा. चुकलेलंही सांगा, तेच जास्त उपयोगी पडतं.

कोथरूडहून

ताई, नकाशावर किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. हरिहरेश्वरच्या बाजूने बाणकोटचा किल्ला समोर दिसतो, पण मध्ये सावित्रीची खाडी. बागमांडल्याला जंगल जेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवली की थोड्या वेळात वेश्वीला उतरता. फेरी नसेल तर आंबेत-म्हाप्रळवरून वळसा. पुढे दाभोळ-धोपावे, त्यानंतर तवसाळ-जयगड. दाभोळची फेरी हुकली की दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर, म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर.

आमची हुकली. हर्णैला मासळीचा लिलाव बघत उभे राहिलो. संध्याकाळी होड्या लागल्या की बैलगाड्या पार पाण्यात जातात. बैलांच्या पोटाला लाटा लागत असतात आणि वर सुरमईच्या पाट्या भरल्या जातात. माझा मुलगा हलेना आणि मलाही त्याला ओढावंसं वाटेना. दाभोळला पोचलो तेव्हा शेवटची फेरी गेली होती. गुहागरला रात्री पावणेबाराला पोचलो, मुलं उपाशीच झोपली. लिलाव बघायचाच असेल (आणि बघाच), तर त्या रात्री हर्णै, दापोलीजवळचं मुरूड किंवा कर्देलाच राहा. खाडी नेहमी सकाळी ओलांडायची आणि निघताना मुक्कामाच्या घरी विचारायचं, फेरी चालू आहे ना.

सिंहगड रोडहून

मी निवृत्त आहे, माझं आजोळ श्रीवर्धनचं. भरती-ओहोटीचं आजोबांनी शिकवलेलं गणित सांगतो. तिथीची पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. थोडं मागेपुढे होतं, म्हणून गावातल्या माणसाला विचारायचंच.

तुम्ही चतुर्थीला हरिहरेश्वरला असाल तर भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. देवळामागची प्रदक्षिणा कड्यातून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवर येते. ती ओहोटीलाच करायची, पाणी चढायला लागलं की तिथून परत फिरायला वाट उरत नाही. सासूबाईंना मात्र त्या पायऱ्या उतरवू नका, त्यांनी देवळात बसावं. आणि गाडी पुळणीवर घालू नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक बसलं की भरती थांबत नाही. दिवेआगरला एका पाहुण्यांची गाडी गावकऱ्यांनी ट्रॅक्टरने ओढून काढलेली मी पाहिली आहे, तेव्हा पाणी दारापर्यंत आलं होतं.

धायरीहून

आम्ही दोघी बहिणी आणि आई. गुहागरला एका घरी एक रात्र म्हणून उतरलो आणि तीन राहिलो. कौलारू घर, मागे नारळी-पोफळीचं आगर, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या. पहाटे पाटाचं पाणी झाडांच्या आळ्यांतून फिरायला लागलं की त्या आवाजानेच जाग यायची. आई पायरीवर बसून काकूंबरोबर नारळ खवत होती. घरी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं तरी येत नाही, इथे तिला कुणी बोलावलंही नव्हतं. तिथूनच एक दिवस हेदवीचा दशभुज गणेश आणि वेळणेश्वर केलं, संध्याकाळी परत त्याच खोलीत. सामान हललंच नाही.

मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे लागतात, आयत्या वेळी उकड होत नाही. खोली ठरवताना तीनच प्रश्न विचारा: तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, गाडी दारापर्यंत येते का. फोटो मागत बसू नका.

हडपसरहून

रोख पैसे जवळ ठेवा, रेंज जाते. तालुक्याच्या गावी टाकी भरून घ्या, मधल्या गावांच्या भरवशावर राहू नका.

औंधहून

आम्ही सहा रात्रींत सहा गावं केली, मालवण गाठायचंच म्हणून. गुहागरहून सकाळी निघालो आणि दिवसभर गाडीतच. गणपतीपुळ्याला रांगेतून दर्शन, आरे-वारेचा तो अप्रतिम रस्ता खिडकीतून, विजयदुर्ग तर न उतरताच सोडला. मालवणला अंधारात पोचलो. सकाळी सिंधुदुर्गाच्या होडीत बसलो. १६६४ साली महाराजांनी ज्याचं बांधकाम सुरू केलं तो किल्ला, आणि आमच्याकडे तासभर, कारण रात्री पुण्यात पोचायचं होतं. तटावर उभी राहून मी घड्याळ बघत होते, याचं अजून वाईट वाटतं. मालवण वेगळं करा. कोल्हापूरवरून थेट उतरा, चार दिवस फक्त सिंधुदुर्ग जिल्ह्याला द्या.

धागा काढणारी

काल रात्री नवऱ्याबरोबर वही घेऊन बसले. त्याने आधी मान हलवली, मग औंधच्या ताईंचं लिहिणं दोनदा वाचलं आणि मालवणवर स्वतःच काट मारली. आता दिवेआगर दोन रात्री, मुरूड दोन, गुहागर तीन. परत येताना चिपळूणहून कुंभार्ली घाट, अडीचशेच्या आसपास किलोमीटर. हर्णैचा लिलाव मुरूडच्या पहिल्या संध्याकाळी, दाभोळची खाडी दोन दिवसांनी सकाळी. सासूबाईंनी कालनिर्णय काढून तिथ्यांची पाऊणपट करून पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. धायरीच्या ताई, त्या काकूंना विचाराल का, चतुर्थीनंतर तिसऱ्या दिवसापासून तीन रात्री तळमजल्याची खोली मिळेल का?