५.१ घ्यायचंय? आधी डब्याची पाठ बघा

*ताई टिळकवाडी:* दिवाळीला होम थिएटर घ्यायचं म्हणतेय. बजेट १५,०००. सासऱ्यांना पिक्चरमधलं संगीत ऐकू येतं, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. आवाज वाढवला की मारामारीला घर हादरतं. खडेबाजारात एक ५.१ बघून आले, म्हणजे पाच स्पीकर आणि जाड आवाजाचा एक सबवूफर. १०,००० वॅट लिहिलंय, ब्लूटूथ पण आहे. घेऊ काय?

*दादा शहापूर:* ताई, पैसे देऊ नको अजून. वायरी लावतात त्या बाजूचा फोटो पाठव.

*मामा निपाणी:* १०,००० वॅट म्हणजे चांगलंच की!

*दादा शहापूर:* मामा, तो पीएमपीओचा आकडा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा, फुगवलेला. आपण आरएमएस बघायचं, म्हणजे सलग वाजताना मिळणारी ताकद. ताईच्या हॉलला १०० वॅट आरएमएस भरपूर.

*ताई टिळकवाडी:* 📷

*दादा शहापूर:* बघितला. लाल-पांढऱ्या पिनांची एकच जोडी, यूएसबी, ब्लूटूथ. टीव्हीतनं ५.१ चा आवाज आणायच्या जागाच नाहीत: उजेडावर चालणाऱ्या केबलची ऑप्टिकल नाही, एचडीएमआय एआरसी पण नाही. म्हणजे आत जाणार दोनच वाटांचा आवाज, आणि तोच पाची डब्यांना वाटून देणार. नको घेऊ हा.

मी हेच केलंय गं. भिंतीला भोकं पाडली, सोफ्यामागनं वायरी ओढल्या. मग मधल्या स्पीकरला कान लावला तर बोलणं, पाऊस, ढोल सगळं एकात एक. आईला गोष्ट कळावी म्हणून घेतलेलं, आणि ती शेजारी बसून “काय म्हणाला रे तो?” विचारतच राहिली. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

खऱ्या ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला येतात. त्यासाठी डॉल्बी डिजिटल, म्हणजे बांधून आलेला ५.१ चा आवाज, उलगडणारा डीकोडर लागतो. तुझ्या बजेटात मागचे दोन स्पीकर आणि सबवूफरवाला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) मिळेल. मधल्या स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो का तेवढं रिमोटवर बघून घे. दुकानातल्या पोराला सरळ विचार, “ऑप्टिकल ऐतेन्री?” (आहे का?)

*ताई टिळकवाडी:* पण सासरे केबलवर कीर्तनच जास्त बघतात.

*दादा शहापूर:* ते बहुतेक स्टिरिओच येतं, म्हणजे दोनच वाटांचं. तिथं साउंडबारचा, बोलणं उठून दाखवणारा व्हॉइस मोड लाव. ओटीटीवर पिक्चरच्या नावाखाली ५.१ लिहिलेलं असतं, तिथं खरा फरक कळेल. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ पीसीएमवर (टीव्हीनंच उलगडलेला आवाज) असेल तर ऑटो किंवा बिटस्ट्रीम (न उलगडता तसाच पुढं) कर. ऑप्टिकलवरनं पीसीएम दोनच चॅनेल नेतं. बऱ्याच घरांत हेच राहून जातं.

*आत्या खानापूर:* आमच्या जुन्या घरात सगळंच घुमतंय रे. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस लागला की टीव्ही बंदच करतो आम्ही.

*दादा शहापूर:* आत्या, पावसाला इलाज नाही. घुमतंय ते उघड्या फरशीनं. टीव्हीसमोर जाड सतरंजी टाका, खिडक्यांना पडदे लावा. कमी खर्चाचं काम आहे, आधी तेच करा.

*मामा निपाणी:* मागचे स्पीकर कुठं लावायचे? आमचा सोफा भिंतीला टेकलाय.

*दादा शहापूर:* मग दोन्ही बाजूंना, जरासे मागं, बसल्यावर कानाच्या फूट-दीड फूट वर. सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका, नुसता घुमतो आणि शेजाऱ्यांची भिंत हादरते. रात्री १० नंतर नाइट मोड. त्यानं मोठे आवाज दबतात, बोलणं वर येतं. ताई, सासऱ्यांसाठी तो दिवसा पण चालेल.

_रविवार_

*ताई टिळकवाडी:* आणला! ऑप्टिकल आहे, सेटिंग पण बदललं. पण आवाजच नाही 😟

*दादा शहापूर:* केबलच्या टोकाला बारीक पारदर्शक टोपण असतं, ते काढलंस? काढून टीव्हीकडचं टोक लाव, दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसायला पाहिजे.

*ताई टिळकवाडी:* होतं रे, नखानं काढलं. लाल दिसलं.

*ताई टिळकवाडी:* लागलं!! सासरे म्हणाले, “आता माणूस मधनं बोलतोय बघ.”