डेबियन १३: लॅपटॉप झोपतो, पण दहातून दोनदा उठत नाही

झाकणबंद
नमस्कार मंडळी. डेबियन १३ (लिनक्स), कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१२, बॅटरी ५० वॉट-तासांची. झाकण मिटून आठ तास ठेवलं की चार्ज ९२ वरून ६१ टक्क्यांवर यायचा. म्हणून ग्रबमध्ये (बूट करणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' टाकलं. गळती जवळपास थांबली, पण आता दहातून दोनदा झाकण उघडल्यावर पडदा काळा आणि पंखा चालू. पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' मध्ये एस२आयडल (हलकी झोप) आणि डीप (मेमरी सोडून बहुतेक सगळं बंद) दोन्ही दिसतात, चौकटी कंसात, म्हणजे निवडलेलं, डीप. मागच्या बूटच्या लॉगमध्ये शेवटची ओळ 'पीएम: सस्पेंड एन्ट्री', पुढे काहीच नाही. म्हणजे झोपी जातानाच अडकतो का?

टर्मिनलवेडा
त्या ओळीवरून तसं म्हणता येणार नाही. त्यानंतर डिस्कच झोपते, मग लॉग लिहिणार कुठे? नीट उठला तरच पुढच्या ओळी डिस्कवर उतरतात.

आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे, फक्त पडदा उठलेला नाही. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ किंवा दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमार्गे एसएसएच करून आत शिरा आणि 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग) वाचा. दिवा ढिम्म असेल तर गाडी त्याच्या आधीच अडली आहे.

आणि बटण दाबून धरण्याआधी ऑल्ट-सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनची कळ) धरून एस, यू, बी (डिस्कवर लिहून टाकणं, डिस्क फक्त-वाचनावर नेणं, रीबूट) ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. डेबियनमध्ये सिसआरक्यूची मूळ किंमत ४३८ असते, त्यात या तिन्हींना परवानगी आहे. कर्नल ऐकत असेल तर फाइलसिस्टम तरी वाचेल.

अर्धवटझोप
दिवा ढिम्म असेल तर पुढची पायरी 'पीएम_टेस्ट', म्हणजे झोपेची टप्प्याटप्प्याने चाचणी. रूट होऊन (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप रोमनमध्येच करा):

एको डिव्हाइसेस > /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट
एको मेम > /सिस/पॉवर/स्टेट

मशीन खरं झोपत नाही. त्या टप्प्यापर्यंत जातं, ५ सेकंद थांबतं आणि परत येतं. क्रम असा: फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. डिव्हाइसेसवर लटकलं तर कुठला तरी ड्रायव्हर दोषी. वायफायचं मॉड्यूल (ड्रायव्हर) काढून परत करून बघा. शेवटी 'नन' लिहायला विसरू नका, नाहीतर झाकण मिटलं की लॅपटॉप ५ सेकंदांत जागा होऊन बॅगेत तापत बसेल.

दोष कधीतरीच येतो, तेव्हा एका चाचणीवर विसंबू नका. चाचणीचे टप्पे पार पडले की 'आरटीसीवेक -एम मेम -एस ३०' वीस वेळा चालवा. तीस सेकंद खरी झोप, मग घड्याळाच्या गजराने जाग.

'पीएम_ट्रेस' सुद्धा आहे, पण तो खुणेची नोंद थेट मशीनच्या घड्याळात लिहितो. तारीख पार बिघडते, आणि अडकल्यावर तीन मिनिटांच्या आत रीबूट केलं नाही तर खूणही जाते. अगदी शेवटचा उपाय.

झाकणबंद
दिवा ढिम्म. कोअरपर्यंत पाचही टप्पे पार. आरटीसीवेकच्या वीस फेऱ्यांत सतराव्या वेळी अडकला.

कर्नलपंत
म्हणजे संशय फर्मवेअरवर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम, बायॉस). पीएम_टेस्ट फर्मवेअरच्या हाती सूत्रं द्यायच्या आधीच मागे फिरतं. खऱ्या डीपमध्ये उठवण्याचं पहिलं काम फर्मवेअरचं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत एस२आयडल हीच मुळात योजलेली झोप असते. यादीत डीप दिसतं म्हणून ते कोणी नीट तपासलंय असं समजू नका. बायॉसची नवी आवृत्ती असेल तर टाका. सेटअपमध्ये झोपेचा प्रकार निवडायची सोय असेल तर तीही बघा.

नाहीतर डीप सोडा आणि मूळ गळती शोधा. ३१ टक्के म्हणजे साडेपंधरा वॉट-तास, भागिले आठ, जवळजवळ २ वॉट. एवढी वीज खातोय म्हणजे हार्डवेअर खोल झोपेत जात नसावं. ग्रबमधली ओळ काढा, 'अपडेट-ग्रब' करा, रीबूट करा, दहा मिनिटं झोपवा आणि उठल्यावर '/सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप' वाचा. आकडा मायक्रोसेकंदांत असतो. दहा मिनिटांना साठ कोटींच्या आसपास यायला हवा. शून्य आला तर एकेक जोडणी काढत जा: यूएसबी डोंगल, एसडी कार्ड, बाहेरचा मॉनिटर.

झाकणबंद
शून्यच होता. डोंगल काढला, तरी शून्य. रीडरमधलं एसडी कार्ड काढलं आणि आकडा ५९ कोटींवर! काल रात्री आठ तासांत ६ टक्के गेले. कार्ड न काढता जमेल का? ते मला कायम आत लागतं.

कर्नलपंत
रीडर पीसीआयवर (मदरबोर्डच्या आतल्या जोडणीवर) आहे की यूएसबीवर, ते 'एलएसपीसीआय' आणि 'एलएसयूएसबी' दोन्हींचं आउटपुट टाकून दाखवा. पीसीआयवर असेल तर '/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप/' मध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा: पहिला आर्ग्युमेंट 'प्री' आला की कार्ड अनमाउंट करून रीडरचं मॉड्यूल काढायचं, 'पोस्ट' आला की परत घालायचं. फाइलला एक्झिक्यूटची परवानगी द्या. ती नसेल तर सिस्टमडी (झोप-जाग सांभाळणारा प्रोग्राम) स्क्रिप्टकडे बघतही नाही.