मेगाडेथसाठी गेलो, मशीन हेड घेऊन आलो : बंगळुरू, १५ मार्च २००८ (अनुभव धागा)

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मेगाडेथ या अमेरिकन थ्रॅश मेटल (वेगवान, आक्रमक हेवी मेटल) बँडने शेवटचा अल्बम आणि निरोपाचा दौरा जाहीर केला, तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर पहिला मेसेज आला : "पॅलेस ग्राउंड्सचं तिकीट कुणी जपून ठेवलंय का रे?" मी ठेवलंय. छपाई उडून गेलीये, हाताला नुसता गुळगुळीत कागद लागतो. तरी ठेवलंय.

त्या शनिवारी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्स मैदानात एका स्टेजवर दोन परदेशी मेटल बँड होते. आधी मशीन हेड, मग मेगाडेथ. पोस्टरवर मोठ्या अक्षरात कोण होतं ते सांगायला नको. पण माझं म्हणणं असं की त्या रात्री बाजी मारली मशीन हेडने. इतकी वर्षं मी हे बोलतोय आणि इतकी वर्षं शिव्या खातोय. म्हणून हा धागा. तिथे होतात का? कुणासाठी गेला होतात? येताना डोक्यात कोण वाजत होतं? यूट्यूबवर बघून मत बनवलेल्यांनी कृपया मागच्या बाकावर बसावं.

सुरुवात मीच करतो. (वर नावाऐवजी आपापलं गाव लिहा.)

डोंबिवली

इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, सबमिशन डोक्यावर. घरी सांगितलं होतं, प्रोजेक्टसाठी बंगळुरूला एक कंपनी बघायला चाललोय. आईने विश्वास ठेवला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. त्या अपराधी भावनेने मी दशम्या जरा जास्तच खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी कल्याणला उद्यान एक्स्प्रेस पकडली. आम्ही पाच जण, पाची काळ्या टी-शर्टात. पुण्याला आणखी चौघं चढले, तेही काळ्यात. ओळखपाळख करायची वेळच आली नाही, सरकून जागा दिली. त्यातला एक मशीन हेडवाला निघाला. डब्यात एकटाच. आम्ही सगळे मेगाडेथचा 'रस्ट इन पीस' अल्बम पाठ असलेले, १९९० नंतर जगात काही चांगलं झालंच नाही अशा मताचे. त्याने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात खुपसलं आणि 'द ब्लॅकनिंग'चं पहिलं गाणं लावलं. दहा मिनिटांच्या वरचं गाणं! हडपसर गेलं, लोणी गेलं, गाणं आपलं चालूच. मी म्हटलं, हे गाणं आहे की कीर्तन? तो म्हणाला, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर आम्ही मेगाडेथवाले हाताची घडी घालून उभे. वऱ्हाड आलंय, पण नवरदेव अजून यायचाय अशा थाटात. मशीन हेडचा गायक-गिटारिस्ट रॉब फ्लिन आला. एका गाण्यापर्यंत घडी टिकली. दुसऱ्याला डावा पाय हलायला लागला. 'इम्पीरियम' सुरू झालं आणि माझ्या शेजारचा, ज्याने गाडीत सोलापूरपर्यंत मशीन हेडची टिंगल केली होती, तो दिसेना. बघतो तर पिटच्या (स्टेजपुढे लोक एकमेकांना धक्के देत नाचतात त्या जागेच्या) मध्यभागी, चष्मा खिशात घालून. शेवटी 'डेव्हिडियन' आलं तेव्हा आमच्यातलं कुणीच आपल्या जागेवर नव्हतं. पॅलेस ग्राउंड्सची माती इतकी उडाली की स्टेजचे दिवे लालसर दिसत होते. पुढचे दोन दिवस नाक शिंकरलं की रुमालावर बंगळुरू.

मेगाडेथ वाईट होते का? अजिबात नाही. पण तोवर मी रिकामा झालो होतो.

बेळगाव

रिकामा झालास तर ती तुझी चूक, मेगाडेथचा म्होरक्या मस्टेन याची नव्हे. सांगतो की.

आम्ही तिघं राणी चन्नम्माने रात्रभर प्रवास करून उतरलो. मशीन हेडच्या वेळी मुद्दाम मागे, पाण्याच्या टाकीजवळ बसून राहिलो. जेवणाच्या आधी फरसाण खाऊन पोट भरायचं नाही, हा नियम. अंधार पडला, मेगाडेथ आले, तेव्हा आम्ही ताजेतवाने. 'सिंफनी ऑफ डिस्ट्रक्शन'च्या रिफवर "मेगाडेथ! मेगाडेथ!" ही जी आरोळी आहे ना, तिचं मूळ अर्जेंटिनाचं. ती पहिल्यांदा हजारो कानडी, मराठी, तमीळ, मल्याळी गळ्यांतून एकत्र ऐकली. १९८३ साली मेटॅलिकाने ज्या मस्टेनला बसमध्ये बसवून घरी धाडलं, तो पंचवीस वर्षांनी आपल्याकडे येऊन उभा आहे आणि माझ्यासमोर वाजवतोय, याच्यापुढे तुमचं मशीन हेड काय घेऊन बसलाय?

आणि हो, माझा पट्टा. खिळ्यांचा पट्टा गेटवर काढून घेतला. तिथे ढीगच पडला होता, पट्टे आणि मनगटाचे काटेरी पट्टे, जत्रेत चपलांचा पडावा तसा. जीन्स ढगळ. संपूर्ण 'हँगर १८' मी एका हाताने बोटांची शिंगं दाखवत आणि दुसऱ्या हाताने पँट धरून ऐकलं.

पुणे

मुलीची बाजूपण येऊ दे.

माझी उंची पाच फूट. मशीन हेड मी प्रत्यक्ष पाहिले असं म्हणणं धाडसाचं ठरेल. समोरच्या मुलाने फोन वर धरून रेकॉर्डिंग चालवलं होतं, त्याच्या दीड-दोन इंची पडद्यावर मी रॉब फ्लिन बघितला. बाकी सगळे कोपर आणि पाठी. गेटवर माझं पेन, डिओ आणि केसांचा मोठा चाप गेला होता, त्यामुळे केस मोकळे, आणि शेजारच्यांना वाटलं मी हेडबँगिंगसाठीच (तालावर डोकं झटकायला) सोडलेत. मग काय, इभ्रतीचा प्रश्न. केलं. दुसऱ्या दिवशी मान लाकडासारखी, रिक्षावाल्याशी बोलायला अख्खं अंग वळवावं लागत होतं.

पिटमध्ये एकदा पडले. बुटाची लेस. खाली मातीत हात टेकले आणि क्षणभर पोटात गोळा आला. तेवढ्यात चार जणांनी हात पसरून रिंगण केलं, एकाने दंडाला धरून उभं केलं, दुसऱ्याने "लेस, लेस" असं ओरडून माझ्या पायाकडे बोट दाखवलं आणि मी लेस बांधेपर्यंत ते चौघं पाठीवर धक्के खात थांबले. त्यांची तोंडं आठवत नाहीत. हेही सांगते की अर्ध्या तासाने गर्दीत एक हात नको तिथे आला. कोपर मारलं आणि बाजूच्या कठड्याकडे निघून गेले. मेगाडेथ तिथून ऐकले. दोन्ही गोष्टी एकाच मैदानातल्या आहेत.

गाण्यांबद्दल विचाराल तर मशीन हेडचं 'एस्थेटिक्स ऑफ हेट'. पँटेरा बँडचा गिटारिस्ट डाइमबॅग डॅरेल याला २००४ च्या डिसेंबरात स्टेजवर गोळी घातली गेली, नंतर कुणीतरी त्याच्याविरुद्ध विखारी लेख लिहिला, त्याला उत्तर म्हणून केलेलं हे गाणं. आमच्या शोच्या महिनाभर आधीच ते ग्रॅमीच्या नामांकनांत होतं. मित्राच्या बाजूने भांडायला उभ्या राहिलेल्या माणसाचा राग गाण्यात कसा ऐकू येतो, ते मला त्या रात्री कळलं. मस्टेनचा राग मला नेहमी स्वतःपुरता वाटत आलाय. (बेळगावकर, दगड मारायचे तर छोटे मारा.)

ठाणे

तुम्ही सगळे भांडताय, पण आधी सांगा उभे कुठे होतात?

मी तेव्हा मुंबईत साउंडच्या धंद्यात होतो, केबल गुंडाळणाऱ्यांतला. बंगळुरूला मात्र स्वतःच्या पैशाने प्रेक्षक म्हणून गेलो, तरी सवय जात नाही, नजर स्टेजपेक्षा मिक्सरच्या मांडवाकडेच (जिथून आवाज बसवतात). दोन बँडचा शो म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सुना. सोय असते ती मोठीची. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो : शेवटी वाजवणारा बँड आधी सगळं निवांत बसवून घेतो, मग त्यांच्यापुढे आधीच्या बँडची मांडामांड. तुम्हाला आठवत असेल तर मशीन हेडच्या ड्रमरच्या मागे उंचावर काळ्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं असणार. तो मेगाडेथचा ड्रम सेट. म्हणजे पहिल्या बँडला अर्ध्या स्टेजवर उभं राहून, वेळ मिळालाच तर शेवटचा घाईतला साउंडचेक करून वाजवायचं. आवाजाची पातळीही बहुतेक वेळा जरा खाली धरतात, मोठ्या बँडसाठी वर जागा उरावी म्हणून.

त्यात मोकळं मैदान. स्टेजला खेटून उभं राहिलात तर सबवूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) तोंडात : छाती हलते, गिटार ऐकू येत नाही, गायक तर नाहीच. मागे गेलात की वारा आला, वारा वळला की झांजा आणि गिटारची वरची धार उडून जाते. चांगला आवाज हवा तर मिक्सरच्या मांडवाच्या आसपास, बस. मी तिथे होतो. मशीन हेड सुरुवातीला चिखल होते, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला निवळले. मेगाडेथ पहिल्या सुरापासून स्वच्छ, फक्त मस्टेनचा आवाज गिटारच्या खाली दबलेला. ज्यांना मशीन हेड आवडले ते पुढे होते, ज्यांना मेगाडेथ आवडले ते मागे, असं मी पैजेवर सांगतो.

मधल्या अर्ध्या-पाऊण तासात टेक्निशियन येऊन गिटारची एक तार छेडतो आणि सगळं पब्लिक ओरडतं, ते बघायला मला अजूनही मजा येते. बिचारा एरवी आयुष्यात टाळ्या खात नाही.

डोंबिवली

ठाणेकर, म्हणजे आवाज कमी, जागा कमी, वेळ कमी, तरी मशीन हेडने पब्लिक उचललं. माझाच मुद्दा झाला की!

(आणि हो, मी पुढे होतो. पैज जिंकलात.)

बंगळुरू, मूळचा सातारचा

तुम्ही गाड्या करून आलात, मी जयमहाल रोडवरून चालत. सासरे आमच्याकडे राहायला आले होते, त्यांना सांगितलं, ऑफिसचा कार्यक्रम आहे. ते गच्चीवर बसून होते. परत आल्यावर म्हणाले, "तुमच्या ऑफिसचा आवाज इथवर येत होता."

कुणी वेळेबद्दल बोललं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. आपल्या मुंबईच्या रंगभवन या खुल्या थिएटरची रॉक मैफिलींची सवय त्याच कात्रीत सापडून मोडली, धोबीतलावला लहानपणी गेलेल्यांना माहीत आहे. त्यामुळे दोन बँड म्हणजे दहा वाजेच्या आतली दोन बँडची वाटणी. एकाने एक गाणं जास्त वाजवलं की दुसऱ्याचं कापलं जायचं. मला दोन्ही अर्धपोटी वाटले, खरं सांगायचं तर. घड्याळाकडे बघत थ्रॅश ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

नंतर मेहक्री सर्कलपर्यंत काळ्या टी-शर्टांचा लोंढा आणि रिक्षावाल्यांचे भाव. त्या विषयावर लिहायला वेगळा धागा लागेल.

सांगली

छोटंच लिहितो. मी ढोलपथकात वाजवायचो, ड्रमर बघायला गेलो होतो. मेगाडेथचा शॉन ड्रोव्हर नीट, पण मशीन हेडचा डेव्ह मॅक्लेन! डबल बासवर (दोन्ही पायांनी वाजवायच्या ड्रमवर) पाय असे की आमचं अख्खं पथक एका माणसात. बाकी वादात मला घेऊ नका.

बेळगाव

मेगाडेथच्या नव्या गिटारिस्टबद्दल, ब्रॉडरिकबद्दल, कुणीच बोलेना म्हणून परत आलो. ग्लेन ड्रोव्हर सोडून गेला आणि ख्रिस ब्रॉडरिक त्याच वर्षी जानेवारीत आला, म्हणजे बँडमध्ये त्याला धड अडीच महिने. मेगाडेथचा जुना गिटारिस्ट मार्टी फ्रीडमन याचे सोलो वाजवायचे म्हणजे दुसऱ्याच्या अक्षरात सही करण्यासारखं काम. एकही सूर इकडचा तिकडे नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "फार बरोबर वाजवतो, म्हणून मजा येत नाही." त्याच्याशी मी होसूरपर्यंत बोललो नाही. (हो, होसूरला काय करत होतो हे विचारू नका. चुकीच्या बसमध्ये चढलो होतो.)

नागपूर

मी गेलेच नव्हते. मागच्या बाकावर बसून लिहिते, चालेल ना?

बारावीची परीक्षा चालू होती. भाऊ गेला, मी नाही. त्याला अट घातली होती की मेगाडेथचं 'होली वॉर्स' लागलं की फोन करायचा, शेवटी वाजवतात ते मला माहीत होतं. दहाच्या जरा आधी फोन वाजला. प्रीपेड, त्यात रोमिंग. कानाला लावला तर नुसती घरघर, पिठाच्या गिरणीत फोन पडल्यासारखी. ना सूर ना शब्द. मला वाटलं, झालं, फसवलं याने, हे कुठलंही गाणं असू शकतं. आई दारात उभी, हातात दुधाचा ग्लास, "कोण आहे?"

आणि एकदम घरघर थांबली. त्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं आणि एकटी गिटार अरबी वळणाची सुरावट घेते, माहीत आहे ना? ती नाही ऐकू आली मला. तेवढ्या वेळात लांबवर खूप माणसं ओरडतायत तेवढं ऐकू आलं, आणि अगदी जवळ माझा भाऊ धापा टाकतोय. त्या खाचेवरून गाणं ओळखलं. मग परत गिरणी सुरू झाली आणि त्याचा बॅलन्स संपला.

मी उशीखालचा वॉकमन काढला, कॅसेट पुढे पळवली आणि उरलेलं गाणं त्याच जागेपासून ऐकलं.