थ्रीडी प्रिंट केलेला फ्युएल सेल: लोड लावला की व्होल्टेज बसतंय

खाचखळगे: दीड महिना याच्या मागे आहे. हायड्रोजन आणि हवेपासून वीज काढणारा एकच पेम सेल, म्हणजे मधे फक्त प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन) असलेला. मेम्ब्रेन आणि इलेक्ट्रोड तयार आणले, २५ चौरस सेंटिमीटरचे. बाकी सगळं प्रिंटरवर काढलं. प्लेटा कंडक्टिव्ह पीएलएच्या (वीज वाहावी म्हणून कार्बन मिसळलेलं प्रिंटरचं प्लॅस्टिक), २ मिमी जाड, आत वायू फिरायला १ मिमी रुंदीची नागमोडी खाच. काही न जोडता ०.९३ व्होल्ट आले तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचलो. मग लोड जोडून १ अँपिअर ओढला, तर ०.३५. आणि आज सकाळी तेवढ्याच लोडला ०.२! मेम्ब्रेन गेलं का? ते फार महाग पडलंय.

ओहमभक्त: मेम्ब्रेनवर आळ घेऊ नका. सिद्धांतात १.२३ व्होल्ट असले तरी प्रत्यक्षात ०.९५च्या आसपास मिळाले की लोक खूश असतात. तुमचा चोर प्लेटमध्ये आहे. फिलामेंटचा रोध उदारपणे १५ ओहम-सेंटिमीटर धरा (थरांच्या आरपार मोजला तर आणखी वाईट). जाडी ०.२ सेंमी, म्हणजे ३ ओहम-चौरस सेंटिमीटर. १ अँपिअर भागिले २५, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.०४ अँपिअर. एका प्लेटमागे ०.१२ व्होल्ट गेले, दोघींचे मिळून ०.२४. बायपोलर प्लेटला (सेलमध्ये वायू पसरवून वीजही वाहून नेणारी ही प्लेट) साधारण ०.०१ ओहम-सेंमी लागतो. तुम्ही दीड हजार पट लांब आहात. ते फिलामेंट टच-स्विचसाठी ठीक आहे.

खाचखळगे: हे गणित आधी करायला हवं होतं. पण मग रात्रीत आणखी का पडलं?

जुनी पान्हावाली: बोल्टला पान्हा लावून बघा. सैल लागेल. पीएलए दाबाखाली हळूहळू सरकतं, तापवलं नाही तरीही. संध्याकाळी घट्ट केलेली प्लेट सकाळपर्यंत केसभर बसते. प्लेट आणि इलेक्ट्रोडच्या मधल्या कार्बन पेपरवरचा दाब गेला की संपर्क गेला. माझ्या पहिल्या सेलचं अस्संच झालं होतं आणि मी आठवडाभर कॅटलिस्टला (इलेक्ट्रोडवरच्या उत्प्रेरकाला) शिव्या देत बसले होते. बाहेरच्या दोन एंड प्लेटा धातूच्या जाड घ्या, बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळा.

आणि प्रिंटरकडून वीज वाहून घेऊ नका, त्याच्याकडून आकार घ्या. लवचिक ग्राफाइटची शीट आणा, त्यात खाचा आरपार कापा, मागे प्रिंट केलेली प्लेट द्या. करंट शीटच्या कडेने बाहेर काढा. नागमोडी मात्र आरपार कापू नका, मधल्या जिभा एका टोकाला लोंबकळतात. समांतर पट्ट्या कापा. त्यात सेलमध्ये तयार होणारं पाणी अडतं, ते खरं.

पाण्यासाठीच तर प्रिंटर! हवेच्या बाजूची मागची प्लेट मी पारदर्शक रेझिनमध्ये काढली आणि टॉर्च धरून बघत बसले. दुसऱ्या खाचेच्या तोंडाशी एक थेंब फुगला, हवा शेजारच्या खाचेतून निघून गेली आणि दुसरी खाच तिथेच उपाशी. रात्री तोंड अर्ध्या मिमीने रुंद केलं, सकाळी नवी प्लेट हातात. मशिनिंगला दिलं असतं तर महिना गेला असता.

ओहमभक्त: पण ग्राफाइटचीच प्लेट प्रिंट होते की. लेझर सिंटरिंग (लेझरने भुकटी थराथराने चिकटवून वस्तू घडवणं) जिथे जन्मलं त्या टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, ग्राफाइट आणि फिनॉलिक रेझिनची भुकटी सिंटर करून, मग भट्टीत भाजून प्लेटा केल्या आहेत.

जुनी पान्हावाली: होते, पण भाजल्यावर ती सच्छिद्र राहते. मग एपॉक्सी मुरवा, नाहीतर हायड्रोजन पलीकडे. ज्याच्याकडे भट्टी आहे त्याने जरूर करावं.

क्षारमापक: तीन गोष्टी. लोखंडाची भुकटी मिसळलेलं फिलामेंट आत अजिबात नको. लोहाचे आयन मेम्ब्रेनमध्ये शिरून प्रोटॉनच्या जागा अडवतात, वर पेरॉक्साइडबरोबर मेम्ब्रेनच खातात. आणि रेझिन पूर्ण धुऊन, पूर्ण पक्कं करूनच लावा. कच्चं राहिलं तर पाझरून कॅटलिस्ट बिघडवतं. गळती बघताना हवा भरून साबणाचं पाणी लावा, हायड्रोजन नाही. हवेत ४ टक्क्यांपासून तो पेट घेतो.

खाचखळगे: पान्हा लावला. चारही बोल्ट जवळजवळ पाव फेरा फिरले. लोडला पुन्हा ०.३४. म्हणजे मेम्ब्रेन जिवंत आहे! साबणाच्या पाण्यात मात्र खाचेच्या शेवटच्या वळणावर, दोन थरांच्या मधून, बारीक बुडबुड्यांची रांग निघतेय. ग्राफाइट शीट मागवली. पान्हावाली ताई, समांतर खाचांची तोंडं किती रुंद ठेवलीत शेवटी?

जुनी पान्हावाली: दीड मिमी. पण तुमची हवा किती सोडताय त्यावर आहे, आधी टॉर्च घ्या.