सगळ्या पेशी सारख्याच, मंग कोणाची वार होईन अन् कोणाचं बाळ हे ठरवते कोण?

झूलॉजी_दारव्हा:
नमस्कार सगळ्याईले. मी बीएस्सी थर्ड इयरला आहे, दारव्ह्याजवळच्या गावात राहते. डेव्हलपमेंटल बायोलॉजीच्या पुस्तकात एवढंच दिलं आहे का ब्लास्टोसिस्टचा, म्हणजे गर्भाशयाले चिकटायच्या आधीच्या पोकळ गोळ्यासारख्या गर्भाचा, बाहेरचा थर म्हणजे ट्रोफेक्टोडर्म, त्याची वार बनते, अन् आतला पेशींचा गोळा म्हणजे इनर सेल मास, त्यातून बाळ. झालं, पुढचा चॅप्टर. पण एका फलित अंड्याच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ अशा ज्या पेशी झाल्या त्या सगळ्याईचा डीएनए एकच, मंग एकीनं वार व्हायचं अन् दुसरीनं बाळ हे आलं कुठून? मॅडमले विचारलं तं त्या म्हणाल्या पोझिशनवरून ठरते. ठीक आहे, पण पेशीले डोळे थोडीच असतात, आपण बाहेर आहो का आत हे तिले समजते कसं? अन् बेडकात म्हणे अंड्यातच वाटणी झालेली असते, तसं आपल्यात नाही का? परीक्षेपुरतं नको, खरंच समजून घ्यायचं आहे.

आर्वीवाला:
ताई, मी मूळचा आर्वीचा, आता पुण्यात उंदराच्या गर्भावरच काम करतो, त्यामुळं लांबलं तं चालवून घ्या. बेडकाचं तुमचं बरोबर आहे, त्याच्या अंड्यात खालच्या बाजूले आईकडून आलेला काही माल आधीच असतो अन् तो ज्या पेशीच्या वाट्याला गेला तिचं पुढचं बरंच ठरून जाते. सस्तन प्राण्यात तसं असतं तं दोनातली एक पेशी काढली का अर्धाच जीव झाला असता. पोलंडच्या अंजेय तारकोव्स्की यांनी १९५९ मध्ये हेच करून पाह्यलं, उंदराच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी काचेच्या सुईनं मारली अन् उरलेली मादीच्या पोटात सोडली, तं त्यातल्या काहींपासून पूर्ण, धडधाकट पिल्लं झाली. म्हणजे तिथपर्यंत वाटणी पक्की झालेली नसते.

मले सगळ्यात आवडते ते त्यांचं १९६७ चं काम, योआना व्रुब्लेव्स्का यांच्यासोबतचं. त्यांनी चार अन् आठ पेशींच्या गर्भातल्या पेशी सुट्या करून एकेकटीच वाढवली. त्यातल्या बऱ्याच जणींचे नुसते पोकळ फुगे झाले, बाहेरचा थर आहे पण आत गोळाच नाही! आता असं काऊन व्हावं? तं गर्भात पाण्याची पोकळी बनायची वेळ ठरलेली असते, पेशी किती झाल्या हे पाहून ती थांबत नाही. पूर्ण गर्भात त्या वेळेपर्यंत साधारण ३२ पेशी झालेल्या असतात, पण चारातली एकच घेतली तं आठच्या आसपासच होतात, अन् आठ पेशींत आत कोण राहणार, सगळ्याच बाहेर. आत जागाच नाही तं आतलं कोणी होत नाही. यावरूनच त्यांनी मांडलं का पेशी कुठं आहे यावर ती काय होईन ते ठरते. तुमच्या मॅडम सांगतात ते हेच.

आता "समजते कसं" हा तुमचा खरा प्रश्न. उंदरात आठ पेशींपर्यंत पेशी गोल गोल, सुट्या दिसतात, एकेक मोजता येते. मंग काही तासांत त्या एकमेकींले अशा घट्ट चिकटतात का मायक्रोस्कोपखाली मधल्या रेषाच पुसल्यासारख्या दिसतात, याले कॉम्पॅक्शन म्हणतात. हे काम ई-कॅडहेरिन नावाच्या प्रोटीनचं, अन् त्याले कॅल्शियम लागते, भोवतीच्या द्रावणातलं कॅल्शियम काढलं का पेशी परत सुट्या. याच सुमारास प्रत्येक पेशीले दोन बाजू येतात. शेजारणीले टेकलेली बाजू वेगळी अन् मोकळी बाजू वेगळी, मोकळ्या बाजूवर बारीक बारीक केसासारखी टोकं अन् काही खास प्रोटीनं जमा होतात. एसटीत खिडकीजवळच्याले एका अंगानं वारा लागते अन् मधल्याले चारही अंगानं माणसंच, तसं समजा. त्या मोकळ्या बाजूलेच पेशीचं बाहेर असणं कळते. केंब्रिजच्या मार्टिन जॉन्सन अन् कॅरोल झिओमेक यांनी १९८१ मध्ये दाखवलं का आठाच्या सोळा होताना मोकळ्या बाजूची ही टोपी एकाच लेकीच्या वाट्याला गेली तं ती बाहेर राहते अन् जिले नाही मिळाली ती आत सरकते.

त्यापुढचं हिप्पो नावाच्या सिग्नलचं आहे. आतल्या पेशीत हिप्पो चालू असते, त्यामुळं याप नावाचं प्रोटीन केंद्रकाबाहेरच अडकून पडते. बाहेरच्या पेशीत ती मोकळी बाजू हिप्पोले दाबून ठेवते, मंग याप केंद्रकात जाते, टीड-४ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनले जाऊन मिळते अन् सीडीएक्स-२ हा जीन चालू होते. सीडीएक्स-२ चालू म्हणजे वारीचा रस्ता धरला. डीएनए दोघींतही तोच, फक्त यापले आत यायची मुभा एकीकडं आहे अन् एकीकडं नाही. परीक्षेत चार ओळी लिहाच्या तं ह्याच लिहा.

ढोरांचा_डॉक्टर_वाशीम:
वरच्या भावानं छान सांगतलं. मी पशुवैद्यक आहे, नागपूरले शिकलो, एम्ब्रिओ ट्रान्स्फरचं काम पाह्यलेलं आहे, म्हणून गाईचं सांगतो, कारण पुस्तकं उंदरावर लिहिलेली असतात अन् आपल्या गोठ्यात उंदीर नाही बांधत आपण. बेटा, गाईच्या गर्भाले काहीच घाई नसते. उंदराचा गर्भ चार-पाच दिवसांत गर्भाशयाले चिकटून मोकळा होते. गाईत सातव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट बनते, तोच आम्ही डोनर गाईतून काढून दुसरीत सोडतो, अन् त्यानंतरही तो दोन आठवड्याच्या जवळपास गर्भाशयात मोकळाच राह्यते, लांब लांब दोरीसारखा होते, मंग कुठं तिसऱ्या आठवड्यात चिकटाले लागते. त्यामुळं बाहेरच्या पेशींवर कुलूपही उशिरा लागते, म्हणजे त्याईची वारच होईन हे उशिरा पक्कं होते. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं का गाईच्या ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या पेशी काढून दुसऱ्या लहान गर्भात घातल्या तं त्या आतल्या गोळ्यातही जाऊन बसतात. उंदरात त्या टप्प्याला असं होत नाही. म्हणून "सस्तन प्राण्यात असं होते" असं सरसकट लिहिलेलं दिसलं का आधी पाहाचं, कोणत्या प्राण्यात.

आणखी एक, शेतकरी मले नेहमी विचारतात का साहेब, साहिवालचा गर्भ माझ्या गवळाऊत सोडला तं जार, म्हणजे ढोराची वार, कोणाचा? जार गर्भाचाच. गाय फक्त आपल्या गर्भाशयाची बाजू देते, तिच्यावर जी बटणं असतात त्याले जार येऊन चिकटते. रात्री-बेरात्री जार अडकला म्हणून आमाले बोलावता ना, ते जे लोंबत असते ते त्या बाहेरच्या पेशींपासूनच वाढलेलं असते. अन् जुळ्यात गोऱ्हा अन् कालवड सोबत झाले तं ती कालवड शंभरात नव्वदच्या वर वेळा वांझ निघते, कारण दोघांचे जार जुळून रक्त एकमेकांत जाते. अशी कालवड पोसाच्या आधी तपासून घ्या रे बाप्पा, दोन-तीन वर्षं चारा घालून मंग कळते तं जीव तुटते.

झूलॉजी_दारव्हा:
धन्यवाद सर, धन्यवाद दादा, जाराचं तं घरी आजीलेही वाचून दाखवलं. दोन गोष्टी राह्यल्या. एक, उंदरात हे कुलूप नेमकं कधी लागते? दोन, आतला जो गोळा आहे त्यातल्या सगळ्याच पेशींचं बाळ होते का?

आर्वीवाला:
सोळा पेशींपर्यंत सूट आहे. नुसत्या बाहेरच्या पेशी गोळा करून किंवा नुसत्या आतल्या गोळा करून गर्भ बनवला तरी पिल्लं जन्मलेली आहेत, बत्तीसच्या पुढं ते जमत नाही, हे वॉर्साच्या गटानं २००८ मध्ये छापलं.

दुसऱ्याचं उत्तर नाही. आतल्या गोळ्याची परत एक वाटणी होते, एपिब्लास्ट म्हणजे खरं बाळ, अन् प्रिमिटिव्ह एंडोडर्म, ज्याचं मुख्यतः योक सॅकचं, म्हणजे गर्भासोबतच्या एका पिशवीचं, अस्तर बनते. पण इथं आत-बाहेर चालत नाही. नॅनॉग अन् गाटा-६ हे दोन जीन, त्यातला नॅनॉग चालू असलेल्या अन् गाटा-६ चालू असलेल्या पेशी आधी सरमिसळ असतात. नॅनॉगवाल्या एफजीएफ-४ नावाचा सिग्नल सोडतात, शेजारणीले तो पोचला का तिच्यात गाटा-६ जोर धरते, अन् नंतर गाटा-६ वाल्या पोकळीच्या कडेला येऊन बसतात. म्हणजे आधी ठरते, मंग जागा धरतात, पहिल्या वाटणीच्या नेमकं उलटं! हा भाग पुस्तकात दोन ओळीत गुंडाळतात, माझ्या मते निम्मा धडा याचाच पाह्यजे.

आणखी एक सांगून ठेवतो, चार पेशींच्या टप्प्यालाच काही पेशींचा कल एकीकडं झुकलेला असते असं मॅग्डालेना झेर्निका-गोएट्झ यांचा गट सांगते, अन् यावर अजून वाद चालू आहे. मी म्हणीन कल असू शकते, पण कल म्हणजे निकाल नाही, नाहीतं १९५९ ची ती पिल्लं जन्मली नसती.

लॅबवाली_अमरावती:
मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे. माणसाचं थोडं सांगते. आपल्यात पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट तयार होतो, आणि जेनेटिक तपासणी करायची असेल तर आम्ही पाच-सात पेशी बाहेरच्या थरातूनच घेतो, आतल्या गोळ्याला हात लावत नाही. पेशंट घाबरून विचारतात, मॅडम, बाळाचा तुकडा काढता का? नाही हो, वारीकडच्या पेशी असतात त्या. पण याच कारणामुळे त्या रिपोर्टला मर्यादाही आहे, बाहेरच्या पेशींत दिसलं ते आतल्या पेशींत तसंच असेल याची खात्री नसते, आणि हे जोडप्याला आधी समजावून सांगायला पाहिजे, बऱ्याच ठिकाणी घाईत ते राहून जातं. लंडनच्या क्रिक इन्स्टिट्यूटच्या गटाने २०२० मध्ये माणूस, गाय आणि उंदीर तिघांचे गर्भ तपासले, सुरुवात तिघांत सारखी निघाली, तीच मोकळी बाजू आणि तोच याप. पुढचं टाइमटेबल मात्र प्रत्येकाचं वेगळं.

झूलॉजी_दारव्हा:
ताई, मंग एकसारखे जुळे होतात ते या वाटणीच्या आधी का नंतर?

लॅबवाली_अमरावती:
दोन्ही वेळा होऊ शकतात, आणि सोनोग्राफीत त्याचा माग लागतो. बाहेरचा थर ठरायच्या आधीच गर्भ दुभंगला, साधारण पहिल्या तीन दिवसांत, तर दोघांची वार वेगवेगळी. थर ठरल्यावर आतला गोळा दुभंगला तर वार एकच, बाळं दोन. एकसारख्या जुळ्यांत साधारण तीनातले दोन जोड असे एका वारीचे असतात, आणि त्यांच्यावर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात कारण एकाच वारीतून एकाला रक्त जास्त आणि दुसऱ्याला कमी असं होऊ शकतं. त्यामुळे जुळे आहेत कळलं की वार एक की दोन हे पहिल्या तीन महिन्यांच्या सोनोग्राफीतच बघून घ्यायचं, नंतर ते ओळखणं अवघड जातं. आणि दोन वारी दिसल्या म्हणून जुळे एकसारखे नाहीतच असं कोणी सांगितलं तर मानू नका, दोघं मुलगे किंवा दोघी मुली असतील तर ते डीएनए तपासल्याशिवाय कळत नाही.