मुलाचं नंतर, आधी तुमचं सांगा: ऑटिस्टिक मुलांच्या आयांचे अनुभव

थेरपी, शाळा, बोलणं कधी सुरू होणार यावर आपण रोजच बोलतो. हा धागा त्यासाठी नाही. निदान झाल्यापासून तुमच्या मनाचं काय झालं, नवऱ्याशी, घरच्यांशी, मैत्रिणींशी असलेल्या नात्यांचं काय झालं, तेवढंच लिहा. नाव-गाव नको. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

सुरुवात मी करते. आमच्यात भांडणं नव्हती, बोलणंच संपलं होतं. पाळी बदलताना कामगार एकमेकांना चार्ज देतात तसं: ‘दोनला उठला, हेडफोन चार्जिंगला लावलेत, उद्या थेरपी नाही.’ मी रात्र रात्र ऑटिझमबद्दल वाचायचे, नवरा पानही उलटायचा नाही. एकदा त्याच्या फोनमध्ये एक फोल्डर दिसलं. मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंतचे सगळे व्हिडिओ. एकात तो स्पष्ट ‘बाबा’ म्हणतो. पुढे ते शब्द गेले, बऱ्याच मुलांचे जातात. त्या फोल्डरबद्दल आम्ही पहिल्यांदा बोललो ते समुपदेशकासमोर.

अशा घरांत ८० टक्के घटस्फोट होतात, ही ऐकीव गोष्ट खरी नाही. २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात हे प्रमाण २३.५ टक्के निघालं, इतर कुटुंबांत १३.८ टक्के. मला त्यातली दुसरी बाब जास्त महत्त्वाची वाटते: इतर घरांत मूल आठेक वर्षांचं झालं की हा धोका उतरतो, आपल्यासारख्या घरांत मूल तरुण होईपर्यंत उतरत नाही. म्हणून ‘तो मोठा झाला की बघू’ असं म्हणून नातं बाजूला ठेवू नका. आतापर्यंत आलेले अनुभव खाली आहेत; कंसातलं मी लिहिलंय.

मुलगी ६ वर्षांची
सासूबाई म्हणतात, ‘तू नोकरीवर जायचीस म्हणून झालं.’ नवरा तेव्हा गप्प बसतो. त्यांच्या बोलण्यापेक्षा त्याचं गप्प बसणं जास्त लागतं.

(ताई, हा आरोप फार जुना आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमचं वर्णन केलं तेव्हाच पालकांच्या थंडपणाचा उल्लेख झाला. पुढे मुलांवर उपचार करणाऱ्या ब्रूनो बेटेलहाइमने आईच्या मायेच्या अभावालाच कारण ठरवलं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंडने ते खोडून काढलं. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि ऑटिस्टिक मुलाचा बापही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे. तुमच्या नोकरीचा काहीही संबंध नाही. आणि हे सासूबाईंना तुमच्या नवऱ्याने सांगायला हवं.)

मुलगा ११ वर्षांचा
त्याच्या अपॉइंटमेंटची वही आहे, रंगांच्या खुणा करून. माझी दाढ मात्र वर्षभर ठणकत होती. सगळे म्हणायचे, ‘किती खंबीर आहेस गं!’ ते ऐकल्यावर रडायचीही सोय उरत नाही. मग मी आणि मुलगा दोघंही नसलो तर बरं, असं मनात यायला लागलं. मी घाबरले आणि बहिणीला फोन केला. तिने मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्या झोपेबद्दल विचारलं. नैराश्य होतं. औषधं चालू आहेत. मुलगा आहे तसाच आहे, पण त्याचा मेल्टडाउन (सगळं असह्य होऊन ताबा सुटणं) सुरू झाला की आता माझे हात थरथरत नाहीत.

(असा विचार कुणाच्याही मनात येत असेल तर तो आजच जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. इथे लिहून थांबू नका. आणि एकटं राहू नका.)

मुलगा ४ वर्षांचा
लोकांनी बोलावणं बंद केलं. एक मैत्रीण मात्र येते. काही विचारत नाही. त्याच्या शेजारी जमिनीवर बसून डब्यांची झाकणं गरगर फिरवते आणि मला म्हणते, ‘जा, अंघोळ कर निवांत.’

मुलगी ९ वर्षांची
तिच्या निदानाची प्रश्नावली भरताना प्रत्येक उत्तर मला माझंही वाटत होतं. कपड्यांची टोचणारी लेबलं, ट्यूबलाइटची गुणगुण, समारंभानंतर दोन दिवस अंथरुणात. चाळिशीत माझंही निदान झालं. आता मी तिच्याबरोबर पाहुण्यांतून उठून आत जाते. कारण सांगत बसत नाही. नवऱ्याला अजून पचलेलं नाही.

मुलगा २७ वर्षांचा
लहान मुलांच्या आयांनो, आमच्याकडे लोकांचं विचारणंसुद्धा बंद झालंय. आमच्यानंतर त्याचं कोण करणार, हा विषय मी धाकट्या लेकीसमोर काढतच नव्हते. शेवटी तिनेच काढला. म्हणाली, ‘मी त्याची बहीण राहीन, आई होणार नाही. काय सोय करायची ते आत्ता बसून ठरवू.’ आधी राग आला. आता आम्ही तिघं मिळून कागदपत्रं करतोय.

तुम्ही लिहीत राहा. एक मात्र मुद्दाम विचारते: आठवड्यातून दोन तास तरी मुलाला दुसऱ्या कुणाकडे सोपवणं जमलंय अशा कोण आहात? ते माणूस कोण, त्याला काय काय शिकवावं लागलं, मूल किती दिवसांत रुळलं, हे तपशिलात लिहा. बऱ्याच जणी तिथेच अडल्या आहेत.